कुलर बंद करून जपानी: नऊ महिन्यांचा हिशोब

आधीच सांगते, हे जपानी शिकवणारं अ‍ॅप मी माझ्यासाठी घेतलेलं नाही. लेकाने घेतलं, वर्षाचे ४,२०० रुपये माझ्या कार्डावरून. त्याला जपानला जायचं होतं. बावीस दिवसांत साहेबांचं मन इंजिनिअरिंगच्या ‘गेट’ परीक्षेवर गेलं. रिफंड मागितला, तर सात दिवसांची मुदत उलटून गेलेली. तीन मेल केले, दोनदा चॅट केलं. चॅटवरचं यंत्र दर वेळी म्हणायचं, ‘तुमची निराशा आम्ही समजू शकतो.’ समजते तर पैसे दे ना बाप्पा! शेवटी ठरवलं, वाया जाऊ द्यायचे नाहीत, आपणच शिकू. वय ४६, नागपूरला सीताबर्डीत हिशेबाची नोकरी, रात्री साडेनऊनंतर मोकळी.

लिपीचे धडे, फ्लॅशकार्डं, रोज न चुकता धडा करायची साखळी यावर बाकीच्यांनी आपापल्या रिव्ह्यूत भरपूर लिहिलंय, ते सगळं ठीकच आहे. मला लिहायचंय ते माइकबद्दल.

बोलण्याच्या धड्यात अ‍ॅप एक वाक्य म्हणतं, मग आपण म्हणायचं. बरोबर आलं तर हिरवी खूण, नाही तर लाल आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’. थंडीत हे चाललं. मार्चअखेर खस बदलून कुलर सुरू झाला आणि माझी साखळी तुटली. फोन तोंडाशी नेला तरी लाल. स्वयंपाकघरात गेले तर एक्झॉस्टचा आवाज, म्हणून लाल. एकदा तर मी गप्प, नुसता कुलर घरघरला आणि हिरवी खूण आली! म्हणजे आमच्या कुलरचं जपानी माझ्यापेक्षा बरं.

मे महिन्यात नागपुरात रात्री दहा वाजता कुलर बंद करून अर्धा तास बोलून बघा, मग मला सांगा भाषा कशी शिकायची ते. सहाव्या मिनिटाला आतून आवाज, “कुलर काहून बंद केला? आणि त्या फोनवर काहून ओरडून राहिली?” बर्डीच्या फुटपाथवरून अडीचशेचा वायरवाला इअरफोन आणला. म्हणजे ४,२०० अधिक २५०. हे मी डायरीत लिहून ठेवलंय.

इथवरचा मजकूर जूनमध्ये लिहिला होता, एक स्टार देऊन. टाकायचा राहून गेला. बरं झालं, कारण पाऊस आला, कुलर बंद झाला, घरात शांतता, आणि लाल खुणा तशाच.

वाक्य साधं होतं : ‘ताकाइ बिरु’, उंच इमारत. मी अकरा वेळा म्हटलं, अकराही वेळा लाल. मग लक्षात आलं, की खाली बारीक अक्षरात आपण काय बोललो ते दिसतं. तिथे होतं ‘ताकाइ बीरु’, म्हणजे महाग बिअर. (‘ताकाइ’ म्हणजे उंचही आणि महागही.) माइक माझं ऐकतच होता. मी मात्र सोवळ्याच्या घरातून रोज रात्री महाग बिअर मागत होते.

शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून वहीभर लाल रेघा खाल्ल्या आपण, पण बोलताना कोणी पहिली आणि दुसरी वेलांटी वेगळी म्हणतं का? लिहिण्यापुरतीच ती. जपान्यांच्या कानाला मात्र तेवढ्यावर अर्थ कळतो. ‘ओबासान’ मावशी-काकू, ‘ओबाआसान’ आजी. अ‍ॅपने हे कुठे शिकवलंच नाही, नुसतं लाल दाखवलं. खरी मेख एका व्हिडिओत सापडली : प्रत्येक मात्रेला सारखा वेळ, सुटा ‘न’ आला तर त्यालाही पूर्ण एक. मी टेबलावर बोट आपटून म्हणते. ओ-बा-सा-न, चार ठोके. ओ-बा-आ-सा-न, पाच. आता शेजारच्या काकूंना वाटतं मी तबला शिकून राहिले.

तर माइकचे स्टार मी परत देते. शिकवण्याचे कापते.

आणखी एक राग. उच्चारांच्या सूचना सगळ्या इंग्रजीवरून. ‘त्सु’ कसा म्हणायचा यावर पाऊण पान! अरे, चूल म्हणा, झालं. ‘झा’साठी जाड म्हणा. मराठी माणसाला जे जन्मतः येतं त्यावर दोन धडे आणि जे जन्मात येणार नाही त्यावर शून्य.

व्याकरणात मात्र असा आनंद मिळाला, की चार दिवस ऑफिसात सांगत सुटले होते. प्रश्नाला शेवटी ‘का’ लावायचा, आपल्यासारखाच. ‘किमासु का’ म्हणजे येता का. ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं, ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणं, शब्दाला शब्द. आणि ‘ताबेते इरु’? यातला ‘इरु’ म्हणजे असणं, राहणं. ‘खाऊन राहिली’! पुण्यात माझ्या नणंदेकडे या ‘राहिली’वरून पंचवीस वर्षं चेष्टा झाली आहे माझी. तिला मुद्दाम फोन करून सांगितलं, की सगळा जपान नागपुरी बोलतो.

हे सगळं डोक्यात असूनही तोंडाचं काय, ते ऑगस्टमध्ये कळलं. कामठीला ड्रॅगन पॅलेसला गेलो होतो. १९९९ सालचं, जपानच्या मदतीने उभं राहिलेलं मंदिर. बाहेर दोन जपानी आज्या (पाच ठोके) चपला काढत होत्या. मी मनात तीनदा जुळवून विचारलं, “निहोन नो दोचिरा कारा किमाशिता का?” जपानमधून कुठून आलात? त्या इतक्या खूश झाल्या, की एकदम सुटल्याच. त्यातलं ‘नागोया’ कळलं. पुढे ‘निहोन्गो ओजोओझु देसु ने’, छान जपानी बोलता हो, हेही कळलं. नुसतं कोन्निचिवा (नमस्कार) म्हटलं तरी हे म्हणतात असं वाचलं होतं, तरी मी फुगले.

मग एकीने लांबलचक काही विचारलं. त्यात ‘शाशिन’ ऐकू आलं. शाशिन म्हणजे फोटो. मी “हाइ, हाइ” म्हणत पदर सारखा केला आणि दोघींच्या मधे जाऊन उभी राहिले. फोन पुढे केलेला तिचा हात तसाच हवेत. त्या बिचाऱ्या मला फोटो काढून द्याल का विचारत होत्या! ‘तोत्ते मोराएमासु का.’ हा धडा मी थंडीतच पुरा केला होता, शंभरपैकी शंभर, सगळ्या खुणा हिरव्या.

आणि ते ‘हाइ’. अ‍ॅप सांगतं, हाइ म्हणजे हो. बोलताना ते नुसतं ‘ऐकून राहिले’ असंही असतं. मी दर थांब्याला हाइ म्हणत गेले, त्यांना वाटलं हिला कळून राहिलं, त्या बोलत गेल्या.

अ‍ॅपच्या जाहिरातीत ‘एन ५ची पूर्ण तयारी’ असं आहे. (एन ५ म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी.) खोटं नाही ते. जेएलपीटीच्या पाचपैकी एकाही पातळीत बोलायची परीक्षाच नसते. एन ५ला १८०पैकी ८० मिळाले, भाग निहाय किमान गुण मिळाले, की पास, तोंड न उघडता. मग अ‍ॅपवाले बोलण्यावर कशाला मेहनत घेतील?

तीन स्टार. जूनपेक्षा दोन जास्त, त्यातला एक ‘खाऊन राहिली’चा. पैसे आपोआप कापले जातात ती सोय बंद केली आहे. तीही सेटिंगच्या चौथ्या पानावर लपवून ठेवलेली, बघून घ्या. माझे पैसे नोव्हेंबरपर्यंत भरलेले आहेत, तोवर एक रात्र सोडणार नाही.

काल ‘ताकाइ बिरु’ दहापैकी आठ वेळा इमारतच आली. आतून आवाज आला, “आज बिअर नाही का?”