मेणाच्या पॅकची उबदार पिशवी: दिवा गावातल्या प्रसूतिगृहातला अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या आमच्या छोट्या प्रसूतिगृहात नवजात बाळाला ऊब देणारी ही पिशवी आली. मी तिथे सिस्टर आहे. कोणी घ्यायच्या विचारात असेल, तर हे वाचा.

पॅक विजेच्या हीटरवर तापवायचा, आतलं मेण वितळलं की पिशवीच्या पाठच्या कप्प्यात सरकवायचा. मेण गोठत असताना तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकून राहतं, त्यामुळे काही तास तरी विजेवाचून भागतं. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी २००७ साली वर्गात ज्याच्यावर काम सुरू केलं, त्या ‘एम्ब्रेस’ पिशवीची कल्पना हीच. आमची दुसऱ्या कंपनीची आहे.

खरा उपयोग वाटेत होतो. कमी दिवसांचं बाळ कळव्याच्या रुग्णालयात हलवायचं आणि शिळफाट्याला गाड्या तुंबलेल्या! अशा बाळाच्या अंगावर चरबी फारशी नसते, ऊब भराभर जाते. आधी आम्ही कापूस, शाली, गरम पाण्याच्या बाटल्या लावायचो. बाटलीने भाजायची धास्ती वेगळीच. आता पोचल्यावर काखेतलं तापमान ३६.५ च्या खाली गेलेलं क्वचितच दिसतं. तरी वाटेत तळपाय चाचपत राहायचं. पोट गरम आणि तळपाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय.

मात्र गार पडलेलं बाळ पटकन तापवणं हिचं काम नाही. बाळ आधी कोरडं पुसा, टोपी घाला, अंघोळ पुढे ढकला. वीज गेली आणि पॅक तापवलेला नसला, तर उरतं नुसतं पांघरूण. म्हणून ड्युटीवर आल्याआल्या मी पॅक अंगठ्याने दाबून बघते. वितळलेला लिबलिबीत लागतो. कोपऱ्यात गुठळी लागली की दुसरा तापत ठेवायचा. दमट हवेत पुसल्यावरही शिवणीत ओल राहते. कंपनीकडे मागवलेला जादा पॅक पावसाळा सरल्यावर आला, याचा मला अजून राग आहे.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. “पिशवीत छान झोपलंय, आईला कशाला त्रास?” असं घरचे म्हणतात आणि बाळ आईपासून लांबच राहतं. सिझरची आई बाहेर येईपर्यंत पिशवी ठीक; मग बाळाची जागा आईच्या उघड्या छातीवर. १९७८ मध्ये बोगोटात सुरू झालेली ही कांगारू पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जन्मल्यापासून लगेच, दिवसाचे ८ ते २४ तास द्यायला सांगितली. आई दमली तर बाबा, आजी आहेतच.

पिशवी घ्याच, दोन पॅकसकट. त्याच खर्चात कांगारूचे पट्टे आणि आईला पाठ टेकून बसता येईल अशी खुर्चीही बसवा.