आयोवा, जॉर्जिया की स्टॅनफर्ड? अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या घरच्यांसाठी

माझी ताई न्यू जर्सीत असते. तिचा धाकटा शाळेच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनला खेळतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखी जी पाच धिप्पाड पोरं उभी असतात, त्यातला एक. वय सतरा, उंची सहा फूट चार इंच, वजन २४५ पौंड. वर्षभरापासून त्याला कॉलेजच्या कोचचे फोन येतात आणि मला ताईचे. मी आयोवात राहतो, शनिवारी आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमला जाणं हा आमच्या घरचा सण आहे, त्यामुळे ‘कुठलं कॉलेज याला एनएफएलपर्यंत (व्यावसायिक लीगपर्यंत) नेईल?’ हा प्रश्न माझ्याच वाट्याला आला. तिच्यासाठी जे जमवलं ते इथे सविस्तर मांडतो आहे, कारण आता आपल्या मंडळांतही फुटबॉल खेळणारी पोरं दिसायला लागली आहेत आणि त्यांच्या आईबापांना विचारायला कुणी नसतं.

आधी एक आकडा, मग कॉलेजं. ड्राफ्टला (व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजचे खेळाडू निवडतात त्याला) पात्र ठरलेल्या कॉलेज खेळाडूंपैकी साधारण १.६ टक्के एनएफएलमध्ये पोचतात, असं एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संस्था स्वतःच सांगते. ड्राफ्टच्या फेऱ्या सात, निवडली जाणारी नावं अडीचशेच्या आसपास. शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय त्यात नाव देता येत नाही. पोचलेल्यांची कारकीर्दही खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने सरासरी ३.३ वर्षांची, आणि पेन्शनचा हक्क लागू व्हायला तीन हंगाम पूर्ण व्हावे लागतात. म्हणून ‘कुठून जास्त पोरं एनएफएलला गेली’ या एकाच मापाने मी मोजत नाही. मी दोन गोष्टी बघतो. पहिली दोन वर्षं मुलगा बाकावर बसला, तर त्या काळात त्याला कोण आणि काय शिकवणार? आणि सव्विसाव्या वर्षी खेळ थांबला, तर त्याच्या हातात काय असणार?

जॉर्जिया: तयार मुलाचं ठिकाण

नुसत्या यादीवर निकाल लावायचा तर जॉर्जियाच. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये या एका विद्यापीठाचे १५ खेळाडू निवडले गेले. ड्राफ्ट सात फेऱ्यांचा झाल्यापासूनचा तो विक्रम आहे. त्यातले पाच बचावपटू पहिल्याच फेरीत गेले. मुख्य कोच कर्बी स्मार्ट अलाबामात नामांकित कोच निक सेबनच्या हाताखाली तयार झालेले. २०२१ आणि २०२२ असे लागोपाठ दोन राष्ट्रीय किताब त्यांनी विद्यापीठाच्या अथेन्स गावी आणले.

तिथलं खरं शिक्षण सरावात होतं. मंगळवारी-बुधवारी तुमच्यासमोर जो उभा असतो, तोच उद्याचा एनएफएल खेळाडू असतो. त्याला रोज अडवायचं म्हटल्यावर शनिवारचा सामना हलका वाटतो. त्या २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी पहिलं नाव पुकारलं गेलं ते ट्रॅव्हॉन वॉकरचं, आणि तीन वर्षांत त्याच्या नावावर दहासुद्धा सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणं) नव्हते. जॉर्जियात इतके तगडे गडी, की सगळे आळीपाळीने मैदानात उतरत. आकडे वाटले गेले, पण जाणकारांना त्याचं बळ, वेग आणि तीन-चार जागी खेळायची तयारी दिसली. व्यावसायिक संघांचे लोक तिथे कायम येऊन बसलेले असतात, त्यामुळे राखीव खेळाडूवरही त्यांची नजर पडते.

पण हे झालं अठराव्या वर्षीच जवळजवळ पूर्ण घडलेल्या मुलांसाठी. आपला २४५ पौंडांचा मुलगा तिथे गेला, तर त्याच्या पुढे रांगेत तीनशे पौंडांची चार पोरं, आणि दर जानेवारीला ट्रान्स्फर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळून तयार झालेला आणखी एक. स्टेट्सन बेनेटचं उदाहरण लोक नेहमी देतात. स्कॉलरशिपशिवाय आला, मधे मिसिसिपीतल्या एका ज्युनियर कॉलेजात गेला, परत आला, दोन किताब जिंकला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीत निवडला गेला. गोष्ट खरी आहे आणि मला ती आवडते. पण २०२५ पासून संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू असा नियम आलाय. स्कॉलरशिपशिवाय संघात घेतल्या जाणाऱ्या मुलांची जागा त्यामुळे आटली. तसा वाव आता सहज मिळेल, असं धरून चालू नका.

आयोवा: वेळ देणारं ठिकाण

इथे मी जरा रेंगाळणार आहे. मी इथला आहे म्हणून नव्हे, तर उशिरा भरणाऱ्या मुलासाठी याहून चांगली तालीम मला दुसरीकडे दिसलेली नाही म्हणून.

कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य कोच आहेत. त्याआधी ते क्लीव्हलँड आणि बाल्टिमोरला एनएफएलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनचेच कोच होते. बचावाचे प्रमुख फिल पार्कर हेही १९९९ पासूनच इथे. कोच दोन-तीन वर्षांत बदलण्याच्या या धंद्यात याचा अर्थ फार मोठा आहे. ज्याने तुमच्या घरी बसून चहा घेतला, तोच माणूस चौथ्या वर्षी तुमच्या मुलाला ओरडत असण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त.

ऑगस्टमध्ये एक सराव लहान मुलांसाठी खुला असतो. त्या दिवशी मी मुद्दाम लाइनमनच्या कोपऱ्याकडे बसतो. बाकीच्या मैदानावर चेंडू उडत असतो; इथे चेंडूच नसतो. वीस पोरं वाकून उभी. शिट्टी झाली की दोन पावलं, फक्त दोन. पहिलं तिरकं, आखूड, सहा इंचांचं. दुसरं समोरच्याच्या दोन पायांच्या मधे. हात पुढे, अंगठे वर, कोपर बरगड्यांना चिकटलेले. थांबायचं, मागे यायचं, परत. एका नव्या पोराचं दुसरं पाऊल दर वेळी रुंद पडत होतं. कोचने त्याला बाहेर काढलं नाही. त्याच्या बुटापाशी स्वतःचा बूट टेकवून उभा राहिला आणि पंधरा-वीस वेळा तेच करून घेतलं. उन्हात, शेकडो लोकांसमोर. शेवटच्या चार वेळा पाऊल बरोबर पडलं. तालमीत वस्ताद नव्या पोराचा एकच डाव महिनाभर घोटून घेतो, तसंच हे.

या पावलांना एनएफएलमध्ये किंमत का, तेही सांगतो. आजची बरीच कॉलेजं पसरलेली, झटपट, हडलशिवायची (चालीआधी घोळका करून न ठरवता) चाल खेळतात. तिथल्या लाइनमनला व्यावसायिक संघात गेल्यावर पुष्कळ गोष्टी पहिल्यापासून शिकाव्या लागतात. आयोवा जुन्या वळणाने खेळतं: हडल करून, क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या मधल्या लाइनमनच्या) पाठीशी, टाइट एंड (लाइनच्या टोकाशी राहून अडवणारा आणि झेलही घेणारा) जमिनीला हात टेकून, सगळी लाइन एका दमात बाजूला सरकत धावपटूला वाट काढून देणार. एनएफएलमधले कित्येक संघ हीच धाव खेळतात. त्यामुळे इथला पोरगा तिथे गेला की भाषा ओळखीची असते.

जॉर्ज किटल बघा. आयोवात असेपर्यंत त्याने एकूण ४८ झेल घेतले. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये १४६ वा, पाचव्या फेरीत. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोकडून एका हंगामात ८८ झेल आणि १,३७७ यार्ड, टाइट एंडसाठी तेव्हाचा विक्रम. कॉलेजात तो अडवायला शिकला होता, आणि अडवता येणाऱ्या टाइट एंडला व्यावसायिक संघ मैदानातून काढत नाही. डॅलस क्लार्क स्कॉलरशिपशिवाय लाइनबॅकर (लाइनच्या मागचा बचावपटू) म्हणून आला, त्याला टाइट एंड केलं आणि २००३ मध्ये तो पहिल्या फेरीत गेला. रॉबर्ट गॅलरी टाइट एंड म्हणून आला, त्याला टॅकल (लाइनच्या टोकाचा अडवणारा) केलं आणि २००४ मध्ये सबंध ड्राफ्टमध्ये दुसरा निवडला गेला. कूपर डिजीन ओडबोल्ट नावाच्या खेड्यातला, शाळेत क्वार्टरबॅक होता. पार्करनी त्याला बचावात घडवलं. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी, त्याने समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचा पास पकडून थेट टचडाऊन केला. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले.

कमी काय, तेही स्पष्ट सांगायला हवं. मुलगा क्वार्टरबॅक किंवा वाइड रिसीव्हर (लांबचे पास झेलणारा) असेल, तर माझं मत आयोवाच्या विरुद्ध. २०२२ आणि २०२३ मध्ये इथलं आक्रमण देशात तळाला होतं, आणि ते बघताना आम्हाला फार त्रास झाला. शिवाय पहिल्या वर्षी बहुतेक मुलं रेडशर्ट होतात. म्हणजे सराव, व्यायाम, जेवण सगळं संघाबरोबर, पण खेळण्याचं वर्ष राखून ठेवलेलं. चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी ते वर्ष वाया जात नाही. घरच्यांना वाटतं मुलगा मागे पडला. लाइनमनच्या बाबतीत तेच वर्ष २४५ चे २८० होण्याचं असतं.

स्टॅनफर्ड: दोन दोऱ्या हातात

ताईचा जीव इथे अडकलाय आणि मला ते पूर्ण समजतं. इथला क्वार्टरबॅक अँड्र्यू लक २०११ च्या ड्राफ्टमध्ये पहिला जाणार हे सगळे धरून चालले होते. तो गेला नाही. आणखी एक वर्ष थांबला, आर्किटेक्चरल डिझाइनची पदवी पूर्ण केली आणि २०१२ मध्ये पहिलाच निवडला गेला. दुखापतींनी बेजार होऊन २९ व्या वर्षी खेळ सोडला, परत स्टॅनफर्डला जाऊन शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्याच फुटबॉल विभागाचा जनरल मॅनेजर आहे. रिचर्ड शर्मन इथेच रिसीव्हरचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) झाला आणि २०११ मध्ये पाचव्या फेरीतून जाऊन मोठा खेळाडू बनला. म्हणजे घडवण्याची परंपरा इथेही आहे.

फरक असा, की इथे कोचला मुलगा आवडून भागत नाही. प्रवेश विभागाने ‘हो’ म्हणावं लागतं. एकदा आत गेलं की खेळाडूंसाठी वेगळा सोपा अभ्यासक्रम नाही. वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात, त्यामुळे हंगामाचे पहिले काही आठवडे डोक्यावर फक्त फुटबॉल असतो, ही मुलांच्या पथ्यावर पडणारी गोष्ट. दुसऱ्या बाजूला, २०२४ पासून संघ अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत (संघांच्या गटात) खेळतो. कॅलिफोर्नियातून देशाच्या दुसऱ्या टोकाला सामना आणि सोमवारी परत वर्गात. मैदानावरची अवस्थाही वाईट. २०२१ ते २०२४ या चारही हंगामांत ३ विजय आणि ९ पराभव. कोच बदलले आहेत, लक हाताशी आहे, पण ‘या माणसाच्या हाताखाली माझा मुलगा चार वर्षं शिकेल’ असं आयोवाबद्दल म्हणता येतं, तसं इथे आज म्हणता येत नाही.

पदवीबद्दल एक गोष्ट तिन्ही ठिकाणी लागू. ‘आमच्याकडे अभ्यासाला पूर्ण पाठिंबा आहे’ हे वाक्य प्रत्येक कोच म्हणतो. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्नचा क्वार्टरबॅक केन कोल्टर याने कामगार मंडळासमोर साक्ष दिली, की त्याला डॉक्टर व्हायचं होतं आणि सरावाच्या वेळेशी जुळत नाही म्हणून रसायनशास्त्राचा विषय घेऊ नकोस, असं त्याला सांगितलं गेलं. नॉर्थवेस्टर्न अभ्यासात किती नावाजलेलं आहे, हे आपल्या लोकांना सांगायला नको. उलट फ्लोरिडा स्टेट हे पक्कं फुटबॉलचं विद्यापीठ. तिथल्या मायरन रोलने २००८ मध्ये सकाळी अलाबामातल्या बर्मिंगहॅमला ऑक्सफर्डच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत दिली, ती मिळाली आणि विमानाने मेरीलँडला जाऊन त्याच रात्री सामना खेळला. ऑक्सफर्ड झालं, २०१० मध्ये सहाव्या फेरीत ड्राफ्ट झाला आणि पुढे न्यूरोसर्जरीकडे वळला. विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका. त्याच लाइनमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलाला विचारा, दुपारची प्रयोगशाळा असलेला विषय तुमच्यातल्या कुणी घेतलाय का. एका भेटीत (कॉलेजचं नाव घेत नाही) आम्हाला झगमगीत लॉकर रूम, न्हावी आणि व्हिडिओ गेम दाखवले. हा प्रश्न विचारल्यावर तिघांनी एकमेकांकडे बघितलं. भाच्याने परतीच्या वाटेवर ते नाव आपणहून खोडलं.

पैशाचं थोडक्यात. २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं, आणि जून २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर विद्यापीठं सगळ्या खेळांत मिळून ठरलेल्या मर्यादेपर्यंत (२०२५-२६ मध्ये ती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती) थेट वाटू शकतात. मोठा वाटा अर्थातच फुटबॉलला जातो. पण लाइनमध्ये दोन वर्षं घडत बसणाऱ्या मुलाला यातलं काय मिळेल यावर कॉलेज निवडू नये. आणि आपल्या घरांसाठी खास: मुलगा नागरिक नसेल, एच-४ व्हिसावर वाढून कॉलेजसाठी विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा घेणार असेल, तर इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय अशा कुठल्याच कागदावर सही करू देऊ नका. त्या व्हिसावर कमाईला कडक बंधनं आहेत आणि चूक झाली तर फुटबॉल राहतो बाजूला, देशात राहण्याचाच प्रश्न उभा होतो.

तर ताईला मी काय सांगितलं? मुलगा आत्ताच २९० पौंडांचा, देशातल्या पहिल्या शंभरातला असता तर जॉर्जिया, डोळे मिटून. क्वार्टरबॅक असता तर या तिघांतलं कुठलंच नाही म्हणालो असतो. पण तो लाइनमन आहे, अजून उंची वाढतेय, शिकवलेलं पटकन उचलतो आणि बाकावर बसायला लाजत नाही. त्याच्यासाठी आयोवा. ताईचं म्हणणं, त्याला गणित फुटबॉलइतकंच आवडतं, त्याचं काय? स्टॅनफर्डच्या प्रवेश विभागाकडे त्याचे गुण गेले आहेत. तिकडून ‘हो’ आलं तर मी माझा हट्ट सोडून तिच्या बाजूने उभा राहणार आहे, हे तिला सांगून ठेवलंय. भाचा मात्र रोज रात्री जेवणानंतर गॅरेजमध्ये ती दोन पावलं टाकतोय. मी व्हिडिओवर बघतो आणि दुसरं पाऊल रुंद पडलं की ओरडतो.