सारा, राहेल आणि हन्ना: रेवदंड्याजवळच्या वाडीतील तीन रात्रींचे कीर्तन

अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यात बोलावणे येईल त्या वाडीत जाऊन कीर्तन करणाऱ्या एका लहानशा मंडळाने यंदा इब्री शास्त्रातील, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातील, सारा, राहेल आणि हन्ना यांची आख्याने तीन रात्री लावली होती. कीर्तनकार बाई, पेटीवर एक, तबल्यावर एक आणि झांजेला वाडीतलाच कोणी, एवढाच त्यांचा सरंजाम आहे. या किनाऱ्याला हा प्रकार नवा नाही. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी परंपरा सांगणाऱ्या बेने इस्रायली यहुदी लोकांनी, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी ज्यांना शनवार तेली म्हणत त्यांनी, एकोणिसाव्या शतकातच आपल्या शास्त्रातील कथांवर मराठी कीर्तने रचून गायिली होती. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि ती कीर्तनेही जवळजवळ थांबली. त्यामुळे साकी, दिंडी या वृत्तांच्या चालीवर अब्राहामाचे नाव पुन्हा ऐकायला मिळणे, हेच मंडळाला बोलावण्याचे पहिले कारण ठरू शकेल.

पहिली रात्र मात्र फिकी झाली. पूर्वरंग, म्हणजे कथेआधीचे निरूपण, इतका लांबला की साराची कथा सुरू होईपर्यंत लहान मुले आयांच्या मांडीवर झोपली होती. देवाने दिलेल्या संततीच्या वचनावर पंचाहत्तराव्या वर्षी घर सोडलेल्या साराच्या नवऱ्याला, अब्राहामाला, शहाऐंशीव्या वर्षी तिची दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला आणि शंभराव्या वर्षी, सारा नव्वदीत असताना, इसहाक झाला, हा हिशोब बाईंनी चोख मांडला. वचन आणि पाळणा यांच्यामध्ये पंचवीस वर्षे गेली, हे श्रोत्यांच्या मनावर ठसलेही. पण हागारेला त्यांनी केवळ उद्धट दासी म्हणून उभे केले. गर्भ राहिल्यावर ती मालकिणीला तुच्छ लेखू लागली हे शास्त्रात आहेच, परंतु सारेने तिला इतके गांजले की ती रानात पळाली, आणि तेथे झऱ्याकाठी देवदूताने तिला गाठले, हेही त्याच अध्यायात आहे. ज्या दासीला तिच्या मर्जीचा विचार न करता धन्याच्या स्वाधीन केले, तिची बाजू गाळली तर देवाच्या वेळेची वाट न पाहणाऱ्यांच्या घाईची किंमत कोणी मोजली, हे कळणारच नाही.

दुसऱ्या रात्री रंग भरला. बाप लाबानाने राहेलऐवजी थोरल्या लेआला बोहल्यावर चढवले, नवरदेव याकोबाला राहेलसाठी आणखी सात वर्षे राबण्याचे कबूल करावे लागले, आणि मग दोघी सख्ख्या बहिणी एकाच घरात सवती झाल्या, हा भाग आपल्याकडच्या श्रोत्यांना समजावून सांगावाच लागत नाही. रऊबेन, शिमोन, लेवी, यहूदा ही लेआची चार मुले बाईंनी कटावात अशी भराभर म्हटली की प्रत्येक नावागणिक राहेलचा जीव कोंडत गेल्याचे जाणवत होते. “मला मुले दे, नाहीतर मी मरते,” असे ती नवऱ्याला म्हणते आणि तो “मी का देव आहे?” म्हणून उसळतो, तेथे बायकांच्या बाजूने एक उसासा आला. दूदाईमची फळेही त्यांनी सोडली नाहीत: गर्भ राहतो अशी समजूत असलेली ती फळे राहेल बहिणीकडून याकोबाच्या एका रात्रीच्या मोबदल्यात घेते, आणि दिवस जातात ते मात्र लेआला. पुढे राहेलला योसेफ झाला. बन्यामिनाच्या वेळी तर एफ्राथच्या वाटेवर बाळंतपणातच ती गेली. यावर बाईंनी भाष्य केले नाही, हे त्यांच्या जाणतेपणाचे लक्षण म्हटले पाहिजे.

मंडळाचे खरे मोल तिसऱ्या रात्री कळले. हन्नाचा नवरा एलकाना दरवर्षी कुटुंबासह शिलोच्या देवस्थानी जाई आणि यज्ञानंतर बायकामुलांना मांसाचे वाटे देई. बाईंनी चौरंगावर खरोखर पत्रावळीचे तुकडे मांडले: त्याची दुसरी बायको पनिन्ना हिचा एक, तिच्या प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा एकेक, आणि समोर हन्नाचा. मूल नसण्याचे दुःख पंगतीत असे मोजून वाढले जाते, हे त्या तुकड्यांनी कुठल्याही प्रवचनापेक्षा स्वच्छ सांगितले. “मी तुला दहा मुलांहून बरा नाही का?” असे विचारणाऱ्या एलकानाचा भाबडेपणा त्यांनी हसतखेळत दाखवला, पण त्याची टवाळी केली नाही. मूल मागत मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे ओठ हलताना पाहून, आवाज ऐकू येत नाही म्हणून एली याजक तिला प्यायलेली समजतो. तीच प्रार्थना पुढे यहुदी परंपरेत मनोभावे केलेल्या प्रार्थनेचा आदर्श ठरली आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात तिची कथा वाचतात, ही माहितीही ओघात आली.

बाईंचा मुख्य मुद्दा असा होता, आणि तो मला पटला: अब्राहामाला वचन मिळाले होते, हन्नाला कसलेच नव्हते. तरीही जेवून उठलेल्या हन्नाचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा खिन्न राहिला नाही, असे शास्त्र म्हणते, आणि तेव्हा तिला पुढे झालेल्या शमुवेलाचा पत्ताही नव्हता. भरवसा कूस उजवण्याच्या आधी आला. तो फळाच्या बदल्यात दिलेला नव्हता. एवढे सांगून झाल्यावर दावीद राजाची बायको मीखल, जिला मरेपर्यंत मूल झाले नाही, तिचे नाव घ्यायला हवे होते. ते न घेतल्यामुळे शेवटी प्रत्येक वांझ स्त्रीची ओटी भरतेच, असा समज होऊ शकतो. तसा तो झालाही, कारण आभार मानायला उठलेल्या यजमानांपैकी एकाने “श्रद्धा ठेवा, पुढच्या वर्षी तुमच्याकडे बारसे” असे जाहीर सांगून मूल नसलेल्या एका जोडप्याकडे बोटही दाखवले. बोलावणाऱ्यांनी असला उद्योग करू नये, अशी अट मंडळाने आधीच घालावी.

मानधन ठरावीक नाही. ज्याची जशी ऐपत. प्रसाद म्हणून बेने इस्रायली नवसाचा मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि फळे, असा बेत होता आणि तो उत्तम होता. ध्वनिक्षेपक मात्र भाड्याचा आणि खरखरणारा होता, त्यामुळे मागच्या रांगांना साक्यांचे शब्द नीट पोचले नाहीत. अंगण लहान असेल तर तो बाजूला ठेवलेला बरा, बाईंचा आवाज पुरेसा खडा आहे. एकाच रात्रीची सोय असेल तर हन्नाचे आख्यान मागावे, आणि पूर्वरंग आटोपशीर ठेवण्याची विनंती बोलावण्यातच करावी.