जुन्या पीसीत भर घालावी की नवा जुळवावा? कमी खर्चातल्या गेमिंगसाठी एक तुलना

गेम अडखळू लागला की सर्वांत आधी ग्राफिक्स कार्डाकडे बोट जाते आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. परंतु जुन्या संगणकात नवे कार्ड बसवून भागेल की मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा सगळा पायाच बदलावा लागेल, हे कार्डावरून ठरत नाही. मदरबोर्डावर कोणता सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) आहे आणि त्यात अजून किती वर जाता येते, यावरून ते ठरते. म्हणून या तुलनेत सॉकेटचा विचार आधी आणि कार्डाचा नंतर केला आहे.

खर्च करण्यापूर्वी एक फुकटची चाचणी अवश्य करावी. नेहमीचा एखादा गेम १९२० × १०८० रिझोल्यूशनवर चालवून फ्रेम्सचा, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा, आकडा टिपावा, मग बाकीची सेटिंग्ज तशीच ठेवून रिझोल्यूशन १२८० × ७२० वर आणावे; फ्रेम्सवर मर्यादा घालणारी व्ही-सिंकसारखी सोय मात्र दोन्ही वेळा बंद असली पाहिजे. पिक्सेलची संख्या निम्म्याहून कमी होऊनही फ्रेम्स जागच्या जागी राहिल्या, तर कार्डाला पुरेसे काम मिळत नाही आणि प्रोसेसर कमी पडतो आहे, असे समजावे. फ्रेम्स भरभर वाढल्या, तर कार्डच दमले आहे.

आता सॉकेट. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांची बाजू फार बळकट आहे, आणि हे त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. २०१७ मध्ये रायझन ५ १६०० घेतलेल्या व्यक्तीला, बोर्डाच्या कंपनीने बायॉसचे (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट दिलेले असल्यास, त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवता येतो. कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) दोन्हींत सहाच आहेत, पण प्रत्येक कोरच्या वेगात मोठा फरक आहे आणि गेममध्ये तोच जाणवतो. त्याहून वर जायचे असेल तर रायझन ७ ५८००एक्स३डी आहे. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे आणि यात ९६ एमबी; त्यामुळे प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये तो आजही ताठ उभा राहतो.

इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीच्या मालकांना ही वाट नाही. त्यांच्या बोर्डावर कमाल मजल चार कोर आणि आठ थ्रेडच्या (एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या धाग्यांच्या) आय७ ७७०० मालिकेपर्यंतच जाते. आठव्या पिढीच्या सॉकेटचे नाव तेच आणि पिनांची संख्याही तीच, ११५१. तरीही ते प्रोसेसर या बोर्डांवर अधिकृतपणे चालत नाहीत. केवळ नाव जुळते म्हणून आठव्या पिढीचा प्रोसेसर मागवण्याची चूक सहज होऊ शकते. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपेबरोबरच साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका व त्यापुढचे प्रोसेसर लागतात. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणारी सोय) सुरू असल्याशिवाय चालत नाही. म्हणून चार कोरच्या अशा जुन्या इंटेल संगणकात वापरलेला आय७ शोधून पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवा पाया घालायचा ठरला, तर कमी खर्चात दोन वाटा दिसतात. पहिली वाट इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवरच्या आय५ १२४००एफची. सहा कोर, बारा थ्रेड आणि डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी) रॅम घेणारे बोर्ड अशी ही जुळणी असल्याने जुन्या संगणकातली डीडीआर४ रॅम इकडे आणता येते. हा सॉकेट मात्र इंटेलच्या चौदाव्या पिढीपाशी थांबला. दुसरी वाट एएमडीच्या एएम५ सॉकेटवरच्या रायझन ५ ७६०० ची. इथे डीडीआर५ रॅमच चालते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च वाढतो. पण २०२७ आणि त्यापुढेही या सॉकेटला आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. आणखी एक फरक खिशाला महत्त्वाचा आहे. ७६०० मध्ये साधे ग्राफिक्स अंगभूत आहे, त्यामुळे कार्ड पुढच्या महिन्यात घेतले तरी तोवर संगणक वापरता येतो. १२४००एफ मधला ‘एफ’ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही, आणि कार्डाशिवाय त्यावर चित्रच दिसणार नाही. जुनी रॅम चांगली १६ जीबी असेल तर मी पहिली वाट धरेन. रॅम नाहीतरी नवीच घ्यायची असेल तर दुसरी.

कार्डाची निवड जुन्या आणि नव्या बोर्डासाठी एकच नसते, कारण स्वस्त कार्डांत पीसीआय एक्सप्रेसच्या लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटा) कमी ठेवलेल्या असतात. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेन वापरते आणि त्यात मेमरी ४ जीबीच आहे. ४.० आवृत्तीच्या बोर्डावर ते कसेबसे निभते, पण ३.० च्या जुन्या बोर्डावर प्रत्येक लेनचा वेग अर्धा होतो आणि मेमरी भरताच गेम अडखळतो. हे कार्ड जुन्या संगणकासाठी घेऊच नये. आठ लेनच्या आरएक्स ६६०० आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ला ३.० वर एवढी झळ बसत नाही. सोळा लेन आणि १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० वापरलेले पण सुस्थितीत मिळाले, तर जुन्या बोर्डावर ते अधिक निर्धास्तपणे चालते. इंटेलच्या आर्क बी५८० मध्येही १२ जीबी मेमरी आहे आणि नव्या पायावर तो उत्तम पर्याय आहे. पण त्याला रिसायझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) लागते आणि मंद प्रोसेसरसोबत त्याचे बळ बरेच वाया जाते. जुन्या पीसीसाठी तो नको.

एसएमपीएसकडे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीकडे, लोक शेवटी बघतात. मी ते सर्वांत आधी उघडून बघायला सांगतो. कॅबिनेटची बाजू काढून त्यावरचे लेबल वाचावे आणि मोठ्या अक्षरांतल्या वॅटच्या आकड्याऐवजी १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहावेत. माझ्या हाताखालून गेलेल्या एका जुन्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापले होते, पण १२ व्होल्टला फक्त २० अँपिअर होते, म्हणजे २४० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. १३२ वॅटचे आरएक्स ६६०० आणि सोबत एक मध्यम प्रोसेसर धरला, की हा हिशेब काठावर येतो. कार्यालयांतून निघालेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये तर एसएमपीएसचा कनेक्टरच अनेकदा वेगळा असतो, त्यामुळे तो बदलणेही सोपे नसते. अशा संगणकात वेगळी वायर न लागणारे, स्लॉटच्या ७५ वॅटमध्ये भागणारे आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी रूप हाच शहाणपणाचा पर्याय आहे. मात्र कॅबिनेट अरुंद असल्यास कार्डाची उंची मोजून घ्यावी.

रॅम ८ जीबीच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी असावी. एका मित्राच्या पीसीत दोन्ही स्टिक शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये बसवलेल्या होत्या, त्यामुळे त्या एकाच चॅनलवर (प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या एकाच वाटेवर) चालत होत्या. एक उचलून प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटची जोडी केली आणि बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय) सुरू केले. गेममधले झटके तेवढ्याने लक्षात येण्याइतके कमी झाले, खर्च शून्य. हार्ड डिस्कवर गेम असतील तर एसएसडी घ्यावीच, पण जुन्या बोर्डावर एम.२ (एसएसडी थेट बोर्डावर बसवायचा) स्लॉट नसेल तर केबलने जोडायची साधी साटा एसएसडीही पुरते.

एएम४ वर नवा प्रोसेसर बसवणाऱ्यांनी बायॉसचे अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे. तो आधी विकून टाकला, तर बोर्ड नव्याला ओळखत नाही आणि अपडेट करायला संगणक सुरूच होत नाही. कूलर काढण्यापूर्वी दहा मिनिटे एखादा गेम चालवून संगणक बंद करावा, म्हणजे वाळलेली थर्मल पेस्ट मऊ होते. मग कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवावा. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि जोराने ओढल्यास कूलरला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो.