चार टोकांचा त्रिशूळ

पार्सल आले त्या दिवशी ते उघडण्याआधी मी साबणाने हात धुतले होते. आत चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला एक जीव आहे, याची मला पूर्ण खात्री होती. त्या खात्रीपायी माझी बरीच वर्षे साठवलेली रक्कम गेली. पैशापेक्षा जास्त लागलेली गोष्टही आहे, ती पुढे सांगते. जीवाश्म विकत घ्यायचे कोणाच्या मनात असेल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा.

मला ट्रायलोबाइटचे वेड आहे. हे समुद्रातले कवचधारी, सांधे असलेल्या पायांचे प्राणी. पाठीचे कवच उभ्या तीन भागांत विभागलेले, म्हणून हे नाव. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत ते दिसू लागतात आणि सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरच्या महाविनाशात, कायमचे संपतात. त्यांच्या २० हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. त्यांतला वॉलिसेरॉप्स माझा सगळ्यांत लाडका. तो मोरोक्कोतल्या डेव्होनियन काळच्या, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या, चुनखडीत सापडतो आणि त्याच्या डोक्याच्या पुढे खरोखरीचा त्रिशूळ असतो.

हा त्रिशूळ कशासाठी, यावर २०२३ मध्ये अ‍ॅलन गिशलिक आणि रिचर्ड फोर्टी यांचा शोधनिबंध आला. काही भुंगेरे शिंगांनी एकमेकांना ढकलतात, उलथवतात, तसे हे ट्रायलोबाइट त्रिशूळ वापरून आपसांत झुंजत असावेत, असे त्यांनी मांडले. त्यांच्या मांडणीत एका विकृत नमुन्याला फार महत्त्व होते. त्याच्या त्रिशूळाला तीनऐवजी चार टोके होती आणि तरीही तो प्राणी पूर्ण वाढलेला होता. अन्न मिळवायला किंवा जीव वाचवायला त्रिशूळ लागत असता, तर असे बिघडलेले हत्यार घेऊन तो एवढा मोठा झालाच नसता. एका वेड्यावाकड्या जन्मलेल्या प्राण्यावरून चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे वागणे कळते, हे वाचून मी कितीतरी दिवस भारावले होते.

आणि नेमकी हीच गोष्ट मी एका विक्रेत्याला चॅटवर लिहून बसले.

दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला. "मॅडम, तुम्ही म्हणत होतात तसा चार टोकांचा एक आला आहे. संग्रहालयांना कळवण्याआधी तुम्हाला विचारतोय." सोबत फोटो. काळ्याभोर कवचाचा ट्रायलोबाइट राखाडी दगडातून उठून दिसत होता आणि पुढे चार टोके. धडावरून एक बारीक भेग गेली होती, "पण त्रिशूळ अगदी अखंड आहे, एक चीरसुद्धा नाही," हे त्याने दोनदा लिहिले होते. अस्सलपणाचे प्रमाणपत्र मिळणार होते. संध्याकाळपर्यंत निर्णय हवा होता, कारण दुसरे गिऱ्हाईक थांबले होते. मी दुपारीच पैसे पाठवले.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटते, त्या मेसेजमध्येच सगळे होते. जगात एखाददुसराच असेल असा नमुना, मी बोलून दाखवल्यावर दोन आठवड्यांत, माझ्याच दारात कसा येईल? माझ्या मनात काय आहे ते मीच त्याला सांगितले होते, आणि त्याने तेच घडवून माझ्यापुढे ठेवले.

तीन महिने मी त्या दगडाकडे रोज बघत होते. मग भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत, त्यांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले, दगड खिडकीकडे धरून हळूहळू फिरवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "ही भेग बघा. कुठे थांबते?"

मी पाहिले. भेग शेपटाकडून निघून धडाच्या मधोमध डोक्यावरून पुढे येत होती आणि त्रिशूळाच्या बुडाशी एकदम नाहीशी होत होती. पुढच्या दगडातही नव्हती.

सरांनी समजावले ते असे. या चुनखडीतले ट्रायलोबाइट बाहेरून दिसत नाहीत. खणणारे हातोड्याने दगड फोडतात आणि फुटलेल्या कडेवर कवचाची काळी रेघ दिसली की आत काहीतरी आहे हे कळते. म्हणजे दगडाबरोबर ट्रायलोबाइटही दुभंगतो. मग दोन्ही तुकडे चिकटवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली, हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईने, दगडाचा कण न् कण काढतात. काटेरी नमुना असेल तर हे काम आठवडेच्या आठवडे चालते. त्यामुळे दगडातून आणि प्राण्यातून सलग जाणारी जोडलेली भेग हे बहुतेक वेळा खरेपणाचे लक्षण असते. त्रिशूळावर "एक चीरसुद्धा नाही" ही ज्या गोष्टीची जाहिरात होती, शंका तिथेच यायला हवी होती.

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. चौथ्या टोकाच्या खालच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढे, गोलच्या गोल खड्डे होते. हवेचे बुडबुडे. समुद्रतळावरचा गाळ वर साचणाऱ्या थरांखाली दबून, पाणी निथळून, खनिजांनी सांधला जाऊन दगड होतो. त्यात असे गोल बुडबुडे राहत नाहीत, ते साच्यात ओतलेल्या रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत, राहतात. डोळ्यांचेही तेच. ट्रायलोबाइटच्या डोळ्यांतली भिंगे कॅल्साइटची, म्हणजे मुळातच खनिजाची, आणि या गटात ती सुटी सुटी मोजता येतात. माझ्या नमुन्याच्या डाव्या डोळ्यात ती ओळीने दिसत होती. उजवा डोळा म्हणजे भेगा बुजवायच्या पुटीचा गोळा, त्यावर कशाने तरी टोचलेले ठिपके.

शेवटी सरांनी कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून एका टोकावरून फिरवला. बोळा काळा झाला. तो रंग होता.

(हे घरी करू नका. अस्सल नमुन्याचे जोडही अ‍ॅसिटोनने सुटतात. आम्ल तर अजिबात टाकू नका, खरे कवच कॅल्साइटचेच असल्याने तेच विरघळेल. भिंग आणि चांगला उजेड एवढे पुरते.)

मी विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, थोडीफार डागडुजी सगळेच करतात. हे खरे आहे, तुटलेला काटा भरून काढणे हा गुन्हा नव्हे. पण डागडुजी किती आणि कुठे हे विकताना सांगावे लागते, आणि मुळात नसलेले अवयव लावणे ही डागडुजी नसते. मग म्हणाला, पार्सल उघडले की जबाबदारी संपते. मग उत्तर देणेच बंद केले. प्रमाणपत्र पुन्हा काढून वाचले, तर त्यावर खडकाच्या थराचे नाव नव्हते, सापडल्याची जागा नव्हती, कोणी तयार केला ते नव्हते. फक्त "अस्सल" हा शब्द आणि एक सही. काही दिवसांनी दुसऱ्याच नावाने विकायला ठेवलेला आणखी एक चार टोकांचा त्रिशूळ मला दिसला. दुसरे टोक तसेच किंचित डावीकडे वळलेले, तिसऱ्याच्या शेंड्याला तोच टवका. एकाच साच्यातून काढलेला.

तज्ज्ञही यातून सुटत नाहीत. २०२१ मध्ये मोरोक्कोतल्याच फॉस्फेटच्या खाणींमधून आलेल्या एका जबड्यावरून झेनोडेन्स नावाचा नवा मोसासॉर जाहीर झाला. हे समुद्रातले प्रचंड सरपटणारे प्राणी. २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो जबडा बनावट असावा अशी शंका घेतली. मोसासॉरमध्ये प्रत्येक दाताची खोबण वेगळी असते, इथे एका खोबणीत दोन दात दिसत होते. त्यांनी सीटी स्कॅन करायला सुचवले. त्या खाणींत दात खूप सापडतात, आणि सुटे दात वाळू व डिंकाच्या जबड्यात बसवून विकणे हा तिथला जुना धंदा आहे.

त्याच २०२४ मध्ये त्याच देशातून आलेली दुसरी बातमी मी अजून जपून ठेवली आहे. अ‍ॅटलास पर्वतात सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचे ट्रायलोबाइट मिळाले. ज्वालामुखीची तापलेली राख उथळ समुद्रात शिरली आणि ते क्षणात गाडले गेले. एरवी कवचाखालचे पाय आणि आतडी कुजून जातात, आपल्या हाती बहुधा फक्त पाठ लागते, आणि पुष्कळदा तीही टाकलेली कात असते. इथे राखेने चारी बाजूंनी साचा धरला. पाय, मुखाजवळचे अवयव, आतड्याचा मार्ग, कवचाला चिकटलेले इवलेसे शिंपलेवजा जीवसुद्धा स्कॅनमध्ये जागच्या जागी दिसले. हे कळले कारण राखेचा थर त्यांच्याभोवती शाबूत होता. दगड सोलून, रंगवून ते बाजारात गेले असते तर राख कोणी पाहिलीच नसती.

माझ्या नमुन्याचे हेच झाले आहे. सरांनी मागच्या महिन्यात पुढचे रेझिन काढले. खाली एका नेहमी सापडणाऱ्या, त्रिशूळ नसलेल्या जातीचा खराखुरा ट्रायलोबाइट निघाला. खोटा त्रिशूळ नीट बसावा म्हणून त्याच्या कपाळाची पुढची कड कोणीतरी घासून सपाट केली होती. तो खरोखर त्या समुद्रात जगला होता, आणि कुठल्या थरातून आला हे आता कोणीच सांगू शकत नाही.

तो माझ्या टेबलावरच आहे. खाली चिठ्ठी लावली आहे: "ट्रायलोबाइट. धड आणि डावा डोळा खरा. कपाळ घासलेले. जागा माहीत नाही. थर माहीत नाही."