लाल डबा, आत फरशीचा तुकडा: सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

'फोकसराइट स्कार्लेट टूआयटू, थर्ड जनरेशन, फक्त चार महिने वापरलेला, 8,800 रुपये.' म्हणजे गिटार, माइक कॉम्प्युटरला जोडायचा लाल डबा, ऑडिओ इंटरफेस. सांगली-मिरजेकडच्या कुणाला अशी जाहिरात दिसली तर एक रुपयाही टोकन देऊ नका. माझे 9,050 गेलेत. टोकनचे 1,000, पार्सलच्या पावतीचा फोटो आल्यावर 7,800, आणि ट्रॅव्हल्सवाल्याला 250. हे शेवटचे अडीचशे तर मी स्वतःच्या हाताने दिले, वर 'थँक्यू दादा' म्हणून.

आधीच सांगतो, मी हावरटपणा केलेला नाही. सांगलीत विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहतो, रात्री गिटारचा अँप लावला की खालचे काका जिना चढून येतात. सराव हेडफोनवरच. गिटार थेट लॅपटॉपच्या माइक जॅकला लावून बघितली, आवाज गोधडीखालून आल्यासारखा. गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांची कंपनं पकडणाऱ्या भागाला, समोर दहा लाख ओहमच्या आसपास इम्पीडन्सचा (विद्युत अडथळ्याचा) इनपुट लागतो, तो त्या जॅकला नसतो. त्यात लेटन्सी, म्हणजे आवाजाचा उशीर, अशी की तार छेडल्यावर सूर मागून येणार. मेट्रोनोमबरोबर वाजवणं विसराच. इन्स्ट्रुमेंट इनपुट आणि हा उशीर कमी करणारं स्वतःचं सॉफ्टवेअर, म्हणजे एएसआयओ ड्रायव्हर, असलेला इंटरफेस हवाच होता. दुकानात नव्याचा भाव 16,500 सांगितला. पोरीची फी भरायचा महिना. सेकंडहँड शोधला, यात माझं काय चुकलं?

विकणारा पुण्याचा, 'इंजिनिअरिंग झालं दादा, जर्मनीला निघालोय, सामान काढतोय'. बोलणं एकदम जाणकाराचं. 'बफर 128 ला ठेवा, 64 ला तुमच्या लॅपटॉपवर आवाज तुटेल.' बफर म्हणजे कॉम्प्युटर आवाज किती तुकड्यांनी घेतो ते, कमी ठेवला की उशीर कमी पण आवाज तुटायची भीती. चोर असले सल्ले देतो का? क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील म्हणणारा असता तर मी तिथंच फोन ठेवला असता. तेवढं कळतं. पैसे पाठवताना नाव मात्र भलत्याच बाईचं आलं. 'मावशीचं खातं आहे, माझं बंद केलंय.' परदेशी जाणाऱ्याचं खातं बंद असू शकतं, मला पटलं. तुम्ही पटवून घेऊ नका. नाव जुळलं नाही की व्यवहार तिथंच सोडा.

पण खरं जळतं ते व्हिडिओ कॉलचं. मी म्हटलं, मागची बाजू दाखव. त्याने दाखवली. यूएसबीचं भोक चौकोनी. टाइप बी, प्रिंटरला असतं ते. आणि पुढच्या बाजूला 'एअर' असं लिहिलेलं बटण. आता हे ज्याला माहीत आहे त्याला हसू येईल: एअरचं बटण टूआयटूवर थर्ड जनरेशनला, म्हणजे 2019 ला आलं, आणि थर्ड जनरेशनला मागे टाइप सी आहे. चौकोनी भोक सेकंड जनरेशनपर्यंतचं. दोन्ही एका डब्यावर असूच शकत नाही. हे मला माहीत होतं! विचारलंसुद्धा. तो क्षणभरही अडखळला नाही. 'दादा, भारतात आलेला पहिला लॉट तसाच होता.' आणि कॉलमध्येच त्याने माइकवर टिचकी मारली, आवाज आला की लागतं ते नॉबभोवतीचं कडं हिरवं झालं, माझं सगळं लक्ष त्या हिरव्या कड्याकडे. आमच्या मिरजेत तंबोरा घेणारा भोपळा ठोकून, जवारी, म्हणजे तारांचा झणकार, कान लावून ऐकल्याशिवाय पैशाला हात घालत नाही. आणि मी फोनच्या पडद्यावर दिवा बघून 7,800 पाठवले.

पार्सल आलं, वजनही बरोबर लागलं. लॅपटॉपला लावलं तर नाव आलं 'यूएसबी पीएनपी साउंड डिव्हाइस'. म्हणजे बाजारात दोन-तीनशेला मिळणारं साउंड कार्ड. गिटार लावायच्या आधीच दोन्ही कडी हिरवी. कंडेन्सर माइकला वीज देणारं 48 व्होल्टचं बटण दाबलं की दिवा लागतो, बाकी काही नाही. माइक मुका. चार स्क्रू काढले. आत अंगठ्याएवढी सर्किटची पाटी, दोन्ही इनपुटच्या वायरी एकाच ठिकाणी डागलेल्या, आणि तळाला ग्लू गनने चिकटवलेला फरशीचा तुकडा. वजनासाठी!

म्हणून विकणाऱ्याला दिवे दाखवायला सांगू नका. कॉल चालू असताना कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमधलं नाव दाखवायला सांगा, खालचा सीरियल नंबर आणि मूळ बिल मागा.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार नोंदली, पण पैसे गेल्यानंतर पार्सल यायला वेळ गेला आणि तेवढ्यात खातं रिकामं. हा हेल्पलाइन नंबर पैसे गेल्या गेल्या लावला तर उपयोगाचा, रक्कम गोठवता येते. मला फसलोय हेच डबा उघडल्यावर कळलं, तर मी आधी कसा लावणार? बँकेत म्हणाले, 'पिन तुम्हीच टाकला ना?' पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदारसाहेब म्हणाले, 'वस्तू आली ना तुम्हाला? मग फसवणूक कुठं?' इंटरफेस म्हणजे काय ते समजावलं. 'म्हणजे अँप्लिफायर.' नाही साहेब. शेवटी कागदावर लिहिलं, 'लाल साउंड बॉक्स, नग एक'. मग 'पुण्यात घडलंय, तिकडं जावा'. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, कुठल्याही ठाण्यात घेता येते म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मीच आरोपी. 'नऊ हजारच ना? काल अठरा लाखवाला बसून गेला.' अठरा लाखवाल्याचं तरी काय केलंत, हे ओठांवर आलं होतं. 1 जुलै 2024 पासून फसवणुकीच्या कलम 420 ची 318 झाली, कागद पुढं सरकवायची पद्धत तीच. ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही हे खरं, पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे बंद पडलेला एक मोबाइल नंबर.

डबा आणि फरशी जपून ठेवलीय. तुम्हीही असलं काही आलं तर उघडतानाचा व्हिडिओ करा, मी केला नव्हता.

जाहिरात परत वर आलीय. फोटो तेच, गाव आता कोल्हापूर, किंमत 8,200, 'अर्जंट'. मागचं चौकोनी भोक स्पष्ट दिसतंय. मी अ‍ॅपवर रिपोर्ट केली. उत्तर आलं, 'या जाहिरातीत नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.'