कसावाचं पीठ, काही महिन्यांनंतर: 'मैद्याऐवजी कपाला कप' हे साफ खोटं

कसावा म्हणजे ज्यापासून साबुदाणा बनतो तो कंद. त्याच्या पिठाबद्दल माझी मुख्य तक्रार पाकिटावरच्या एका ओळीबद्दल आहे. 'मैद्याऐवजी तेवढंच वापरा' हे वाचून कपाने मापलं की केकच्या तळाशी बोटभर जाडीचा, ओला, रबरासारखा थर हमखास येतो. वरून केक फुगलेला, कडा सुटलेल्या, काडीही कोरडी निघते. कापल्यावर मात्र सुरीला पिठूळ लगदा चिकटतो. एवढं महाग पीठ, त्यात अंडी आणि लोणी, सगळं कचऱ्यात.

कारण साधं आहे. हे पीठ फार बारीक असतं, त्यामुळे कप हलक्या हाताने भरला की १२० ग्रॅम आणि दाबून भरला की १५० ग्रॅमपर्यंत जातो. त्यात बहुतेक सगळा स्टार्च, प्रथिनं नावापुरती. हा स्टार्च पाणी शोषतो आणि साधारण ६० ते ७० अंशांना फुगून चिकट होतो. ग्लूटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) जाळी नसल्याने ओलावा धरून ठेवणारं दुसरं काही नाही. पीठ जास्त पडलं की मिश्रण घट्ट होतं, मग आपण दूध वाढवतो, आणि ते दूध तळाशी शिजत बसतं.

म्हणून वजनकाटा हवाच. १०० ग्रॅम मैद्याच्या जागी ८० ते ८५ ग्रॅम घ्या, दूध-पाणी मूळ कृतीइतकंच ठेवा आणि मिश्रण १५ मिनिटं झाकून ठेवा. घट्ट होईल, पण लगेच दूध ओतू नका. ओव्हन १७५ ऐवजी १६० अंशांवर, वेळ दहा-बारा मिनिटं जास्त. काडीवर भरवसा नको. प्रोब थर्मामीटर (केकमध्ये खुपसायचा तापमापक) मधोमध ९६-९७ अंश दाखवेल तेव्हाच बाहेर काढा. आणि पूर्ण गार होईपर्यंत कापू नका, स्टार्च गार होतानाच बसतो.

आता दुरुस्ती. वरचं लिहून झाल्यावर दुसऱ्या कंपनीचं पाकीट फोडलं. तेच ८५ ग्रॅम घातले तर केक पसरट, भुसभुशीत. ९५ वर नीट आला. हे पीठ जास्त पांढरं, जास्त गुळगुळीत आणि पाणी कमी पिणारं. म्हणजे माझाही आकडा सगळीकडे चालत नाही. नवं पाकीट आलं की २० ग्रॅम पिठात २० ग्रॅम पाणी कालवून दहा मिनिटं ठेवा. मऊ गोळा झाला तर ८५ पासून सुरुवात करा, सैल राहिलं तर ९५ पासून. दाबल्यावर कडक आणि सोडल्यावर वाहतं असं झालं, तर पाकिटात पीठ नाहीच, निव्वळ टॅपिओका स्टार्च (कसावातून वेगळा काढलेला स्टार्च) आहे, परत करा.

मैद्यापेक्षा सरस कुठे? ब्राउनी आणि कुकीजमध्ये. तिथे तोच चिवटपणा कामाला येतो. कुकीजचं पीठ तासभर फ्रिजमध्ये ठेवलं की पसरत नाहीत. रंग मात्र फिकाच येतो, कारण तांबूस व्हायला प्रथिनं लागतात. चमचाभर दूध पावडर घातली की फरक दिसतो. केकमध्ये चौथा हिस्सा बदामाचं पीठ मिसळलं तर चिकटपणा बराच कमी होतो.

यीस्टच्या पावात एकटं वापरू नका. इसबगोल घालूनही कापताना सुरी चिकटते आणि दुसऱ्या दिवशी पाव कोरडा पडतो. त्यासाठी एवढे पैसे कशाला घालवायचे?

कच्चे कंद वाळवून घरी पीठ करायची हौस असेल तर थांबा. कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात आणि कडू जातीत ती जास्त. नुसतं सोलून वाळवल्याने ती पुरेशी जात नाहीत. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या) मानकात खाण्याच्या कसावा पिठासाठी हायड्रोसायनिक आम्लाची, म्हणजे याच सायनाइडची, मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे, आणि ती घरी तपासता येत नाही.

पाकीट उघडल्यावर आंबूस वास आला तर पीठ आंबवून केलेलं असू शकतं. ते चॉकलेटच्या ब्राउनीत खपतं, व्हॅनिला केकमध्ये नाही.